पाळक व्हावंसं वाटतंय? मग आधी एक वही घ्या

उपासना संपते, खुर्च्या आवरायचं काम चाललेलं असतं, तेवढ्यात कोणीतरी जवळ येऊन रेंगाळतं. कधी कॉलेजातला मुलगा, कधी नोकरी करणारी बाई, कधी निवृत्तीला आलेले गृहस्थ. हळू आवाजात सांगतात, "पाळकसाहेब, प्रभू मला सेवेसाठी बोलावतोय असं वाटतं." मी विचारतो, "आणखी कोणाला ऐकू आलं?"

काहींना हा प्रश्न बोचतो. पण तो मी बायबलमधल्या शमुवेलाच्या गोष्टीतून उचललेला आहे. त्या पोराला तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा तो उठून म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे धावला. हाक कोणाची, हे त्याला एलीने सांगितलं. ऐकणारा एक, ओळखणारा दुसरा. आणि एली काही आदर्श माणूस नव्हता. मुलं वाया गेलेली, नजर अधू झालेली. तरी ओळखलं त्यानेच.

खाली जे लिहितोय ते अशा लोकांसाठी, ज्यांना पाळकीय सेवेची, म्हणजे चर्चमध्ये धर्मगुरू होऊन काम करण्याची, ओढ वाटते पण सुरुवात कुठून करायची ते ठाऊक नाही. क्रम मी मुद्दाम असा ठेवलाय की अर्ज बराच उशिरा येतो.

पहिली पायरी: वही

साधी दोनशे पानी वही घ्या आणि आपल्या विश्वासाचा प्रवास लिहून काढा. उपदेश लिहू नका, घटना लिहा. पहिली प्रार्थना कोणी शिकवली, बाप्तिस्मा केव्हा झाला, कोणत्या वयात काय खरं वाटत होतं, कोणत्या मरणाने किंवा आजारपणाने काय हललं.

लहानपणचा विश्वास बहुधा उसना असतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पौल तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच आठवण करून देतो की हा विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता. उसना विश्वास स्वतःचा कधी झाला, तो क्षण शोधा. काहींना तारीख सांगता येते. पुष्कळांना येत नाही. तारीख नसेल तर ती तयार करू नका. ज्या घरांत साक्ष देताना, म्हणजे आपल्या विश्वासाची गोष्ट सांगताना, "अमुक दिवशी अमुक वाजता माझं तारण झालं" असं म्हणायची रीत आहे, तिथे हा मोह फार होतो.

आता महत्त्वाचं. वहीत कोरडी वर्षंही लिहा. प्रार्थना सुटली होती, चर्चला जाणं म्हणजे आईची समजूत काढणं होतं, देव आहे की नाही हेच कळत नव्हतं, ती वर्षं. मी स्वतः पहिल्यांदा साक्ष लिहिली तेव्हा सहा वर्षं गाळून टाकली होती. रविवारची शाळा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास जाहीर करण्याचा विधी), तरुण संघ, आणि मग एकदम पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं! निवड समितीतल्या एका वयस्कर बाईंनी कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि विचारलं, "एकोणीस ते पंचवीसमध्ये तुम्ही कुठे होतात?" मला घाम फुटला. मग सांगितलं सगळं: धाकट्या भावाचं जाणं, त्यानंतरचा राग, प्रार्थनेला उभे राहिलेले लोक पाहून उठून बाहेर जाणं. बाई म्हणाल्या, "हे पहिल्या पानावर हवं होतं. शोकात असलेल्या घरी तुम्ही जाणार ते याच सहा वर्षांच्या जोरावर."

त्या दिवसापासून मी इतरांच्या साक्षी वाचताना आधी वर्षांची बेरीज करतो. कुठे खड्डा आहे ते दिसतं.

इतिहासातही हा प्रवास सरळ रेषेत क्वचितच दिसतो. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली १७२५ मध्ये डीकन (पाळकपदाची पहिली पायरी) झाले, १७२८ मध्ये प्रीस्ट (पूर्ण धर्मगुरू). पण ख्रिस्ताने आपली, आपलीसुद्धा, पापं काढून टाकली आहेत ही खात्री त्यांना वाटली ती २४ मे १७३८ च्या संध्याकाळी, लंडनमधल्या एका छोट्या सभेत. म्हणजे दीक्षेनंतर दहा वर्षांनी, आणि परदेशातल्या मिशनकार्यातून निराश होऊन परतल्यावर. प्राचीन चर्चचा विचारवंत ऑगस्टीन, त्याचं उलटं. आई वर्षानुवर्षं रडून प्रार्थना करत होती, बाप्तिस्मा झाला तो ३८७ मध्ये, वय तेहतिशीच्या आसपास गेल्यावर. पुढे ३९१ मध्ये तो उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोला गेला असता तिथल्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, त्याला धरून जवळजवळ जबरदस्तीने प्रीस्ट करून टाकलं. तो रडला, असं तो स्वतःच नोंदवतो.

दुसरी पायरी: हेतू तपासा

हे काम एकट्याने करा, वहीच्या शेवटच्या पानांवर, कारण खरं लिहायचं तर कोणी वाचणार नाही याची खात्री हवी.

नोकरीला कंटाळून सेवेत येणारे मी पाहिले आहेत. त्यांना दुरून डोंगर साजरे दिसतात: आठवड्यातून एक उपदेश, बाकी वाचन आणि प्रार्थना. प्रत्यक्षात छताची गळती, दोन कुटुंबांचं न बोलणं, हिशेबाची बैठक आणि रात्री अकराचा फोन असतो. व्यासपीठाची हौस असणारे असतात. वादात जिंकण्याची आवड असणारेही असतात, आणि ते जास्त धोक्याचे. जुन्या अपराधाची भरपाई म्हणून येणारे असतात. त्यांना सेवेआधी क्षमेची गरज असते.

आणि नवस. "तू पोटात असतानाच तुला देवाला वाहिलं होतं," असं ऐकत वाढलेली मुलं मंडळीत बरीच असतात. त्यांना मी सांगतो की हन्नानेही शमुवेलाला वाहिलं होतं, तरी देवाने त्याला पुढे स्वतः, त्याच्या नावाने हाक मारलीच. आईचा नवस म्हणजे मुलाचं पाचारण नव्हे. तुमची हाक तुम्हाला वेगळी यावी लागते.

उलट, नको वाटतं म्हणून पाचारण खोटं असंही नाही. मोशेने सबबींवर सबबी सांगितल्या, जीभ जड आहे इथपर्यंत. यिर्मया म्हणाला मी अजून लहान आहे. योना तर उलट दिशेचं जहाज पकडून निघाला. भीती वाटत असेल तर ती लिहून ठेवा, एवढंच. मुलाखतीत ती विचारली जाते.

तिसरी पायरी: किमान एक वर्ष बिननावाचं काम

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं इथे फार होतं. पाचारणाची जाणीव झाली की लगेच सेमिनरीचा, म्हणजे पाळकांच्या कॉलेजचा, अर्ज! थांबा. बायबलच्या १ तीमथ्य ३ मध्ये अध्यक्षाच्या (मंडळीवर देखरेख करणाऱ्याच्या) अंगी काय असावं याची यादी आहे. तिच्यात नवशिका नसावा, नाहीतर गर्वाने फुगेल, असं स्पष्ट म्हटलंय. त्या यादीत आणखी एक पाहण्यासारखं आहे. जवळजवळ सगळे गुण स्वभावाचे आहेत: सौम्य, पाहुणचार करणारा, भांडखोर नसलेला, पैशाचा लोभ नसलेला. कौशल्य म्हणावं असं एकच, शिकवण्याची हातोटी.

तर वर्षभर मंडळीत असं काम घ्या ज्यात तुमचं नाव फळ्यावर येत नाही. रविवारच्या शाळेतला लहान गट. आजाऱ्यांच्या भेटी. उपासनेनंतरची आवराआवर. दानपेटी मोजायला बसणं. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये सात जण निवडले ते पंक्तीतल्या वाटपावरून तक्रार झाली म्हणून, विधवांना अन्न नीट पोचावं म्हणून. स्तेफन आणि फिलिप्प त्याच सातांतले. उपदेशक म्हणून त्यांची ओळख नंतरची.

या वर्षात दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. कोणतं काम तुम्हाला दमवतं पण पुन्हा तिकडेच ओढतं? आणि लोक अडचणीत असताना, कोणी न सांगता, तुमच्याकडे येतात का? दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. पद नसताना जे तुमच्याजवळ येऊन बसतात त्यांना तुमच्यातला पाळक आधीच दिसलेला असतो.

चौथी पायरी: आधी घरी, मग पाळकांकडे

क्रम उलटा करू नका. लग्न झालेलं असेल तर जोडीदाराला ही बातमी चर्चमध्ये कळणं याहून वाईट सुरुवात नाही. आणि नुसती बातमी देऊ नका, बसून बोला. उत्पन्न कमी होईल. बदली होईल, म्हणजे मुलांची शाळा बदलेल, जोडीदाराची नोकरी जाईल. नाताळ आणि ईस्टर हे घरच्यांसाठी सण, तुमच्यासाठी कामाचे दिवस. राहतं घर मंडळीचं असेल तर सेवा संपली की घरही संपेल, तेव्हा म्हातारपणी कुठे राहायचं? ही चर्चा श्रद्धेची कमतरता नव्हे. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता. खर्चाचा विचार त्याला कमीपणाचा वाटला नाही.

जोडीदार "नको" म्हणाला, तर तेही ऐकण्यातलाच भाग समजा. निदान थांबा.

मग आपल्या पाळकांना भेटा. त्यांना वही दाखवायची गरज नाही, पण वर्षभराच्या कामाबद्दल त्यांचं मत स्पष्ट विचारा: "माझ्यात तुम्हाला काय खटकतं?" उत्तर गुळमुळीत आलं तर पुन्हा विचारा.

पाचवी पायरी: आपल्या मंडळीची रीत समजून घ्या

इथे मी थोडक्यात सांगतो, कारण नियम प्रत्येक संप्रदायाचे वेगळे आणि ते लेखी मिळतात.

कॅथोलिक चर्चमध्ये धर्मगुरू होण्यासाठी किमान सहा वर्षांचं शिक्षण असतं, दोन तत्त्वज्ञानाची आणि चार ईशज्ञानाची (देवाविषयीच्या शास्त्राची). आधी डीकन, त्यानंतर किमान सहा महिन्यांनी धर्मगुरू, आणि वय निदान २५. लॅटिन परंपरेत ब्रह्मचर्य. अँग्लिकन परंपरेत निवड बिशपांच्या देखरेखीखाली होते. तिथेही आधी डीकन, साधारण वर्षभराने प्रीस्ट. प्रेस्बिटेरियनांकडे प्रेस्बिटरी (त्या भागातल्या मंडळ्यांची सभा) परीक्षा घेते आणि शिवाय एखाद्या मंडळीने तुम्हाला बोलावलं पाहिजे. नुसतं पास होऊन भागत नाही. मेथडिस्टांमध्ये पुष्कळजण स्थानिक उपदेशक म्हणून सुरू करतात. बॅप्टिस्टांकडे निर्णय मुख्यतः स्थानिक मंडळीचा. पेंटेकॉस्टल गटांत फार विविधता आहे, काही ठिकाणी सेवा आधी आणि मान्यता मागाहून.

स्त्रियांसाठी चित्र अजून एकसारखं नाही. अँटोइनेट ब्राऊन यांना अमेरिकेतल्या एका काँग्रिगेशनल मंडळीने १८५३ मध्येच दीक्षा दिली. अँग्लिकन परंपरेत पहिली स्त्री प्रीस्ट, फ्लॉरेन्स ली टिम-ओई, १९४४ मध्ये झाली, तीही महायुद्धात मकावच्या मंडळीला प्रभुभोजन द्यायला कोणी पोचू शकत नव्हतं म्हणून. इंग्लंडच्या चर्चने स्त्रियांना प्रीस्टची दीक्षा देईपर्यंत १९९४ उजाडलं. कॅथोलिक, ऑर्थोडॉक्स आणि बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या आजही देत नाहीत. तुमची मंडळी कुठे उभी आहे हे पहिल्याच भेटीत विचारा, तीन वर्षांनी नको.

कागद: बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा किंवा सभासदत्वाचा दाखला, शिक्षणाची प्रमाणपत्रं, पाळकांचं शिफारसपत्र, लेखी साक्ष, वैद्यकीय तपासणी. बऱ्याच ठिकाणी मानसशास्त्रीय चाचणी आणि पोलिस पडताळणीही लागते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत नावाचं स्पेलिंग चुकलेलं असणं ही इतकी सर्रास गोष्ट आहे की दाखला आधी मागवा आणि दुरुस्तीला वेळ ठेवा.

सहावी पायरी: मुलाखत

लेखी साक्ष दोन ते तीन पानांची पुरे. वहीतून ती काढा. निम्मी जागा घटनांना, निम्मी आत्ताच्या कामाला. वचनांची माळ ओवू नका. समितीतल्या सगळ्यांना वचनं माहीत असतात, तुम्ही माहीत नसता.

प्रश्न साधारण असे असतात: प्रार्थना कशी करता? शेवटचं भांडण कोणाशी झालं आणि ते कसं मिटलं? तुमच्यावर कर्ज आहे का? मंडळीने तुमचं ऐकलं नाही तर काय कराल? सेवेसाठी निवड झाली नाही तर काय कराल? या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळजण अडखळतात. "मग मी चर्च सोडीन" असं एकाने खरंच सांगितलं होतं.

उत्तर "अजून नाही" असं आलं तर तारीख विचारा आणि काय सुधारायचं ते लिहून घ्या. "नाही" आलं तर दुखेल, फार दुखेल, आणि लगेच दुसऱ्या संप्रदायाचा दरवाजा ठोठवावासा वाटेल. सहा महिने तो ठोठवू नका. शिक्षक, परिचारिका, वडीलजन (मंडळीचे निवडलेले कारभारी), गायकवृंदाचा प्रमुख अशा कितीतरी रूपांत सेवा होते, आणि हे मी मन राखायला म्हणत नाही.

सातवी पायरी: अभ्यास

इथे नेहमी कोणीतरी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या नामांकित उपदेशकाचं, स्पर्जनचं, उदाहरण काढतं. चार्ल्स स्पर्जन १७ व्या वर्षी एका खेड्यातल्या मंडळीचा पाळक झाला आणि ईशज्ञानाच्या कॉलेजात कधी गेला नाही. खरं आहे. कॉलेजच्या प्राध्यापकांशी भेट ठरली होती, पण मोलकरणीने दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं; दोघेही वाट पाहून निघून गेले. मात्र त्याच स्पर्जनच्या ग्रंथसंग्रहात पुढे सुमारे १२ हजार पुस्तकं होती, आणि १८५६ मध्ये त्याने स्वतः पाळकांसाठी कॉलेज काढलं. तेव्हा त्याचा दाखला देऊन अभ्यास टाळू नका.

सेमिनरीत हिब्रू आणि ग्रीक, जुना आणि नवा करार, चर्चचा इतिहास, सिद्धान्त, उपदेशशास्त्र, समुपदेशन हे विषय असतात. पहिल्या वर्षी धक्का बसतो. ज्या उताऱ्यावर लहानपणापासून प्रेम केलं त्याचे चार अर्थ, दोन हस्तलिखितांतले फरक आणि विद्वानांचे वाद समोर येतात, आणि वाटतं की विश्वास हातातून निसटतोय. कोरडी वर्षं आधी अनुभवलेल्यांना हे कमी घाबरवतं. ज्यांनी ती लपवली ते जास्त हादरतात. उपाय साधाच. परीक्षेसाठी वाचता तो उतारा आणि प्रार्थनेसाठी वाचता तो उतारा वेगळे ठेवा. जर्मन पाळक बोनहोफर १९३५ पासून फिंकेनवाल्डेला जी सेमिनरी चालवत होते तिथे विद्यार्थ्यांना रोज सकाळी अर्धा तास एकाच लहान उताऱ्यावर शांत बसावं लागे. विद्यार्थी कुरकुरत. १९३७ मध्ये नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोने, ती सेमिनरी बंद केली.

रुग्णालयातलं प्रशिक्षण मिळत असेल तर ते सोडू नका. त्याची सुरुवात अँटन बॉयसन यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात ईशज्ञानाचे विद्यार्थी नेऊन केली, आणि बॉयसन स्वतः आधी मनोरुग्ण म्हणून दाखल झालेले होते. पुस्तकांइतकीच जिवंत माणसं वाचावीत, हा त्यांचा आग्रह होता. मी तिथे पहिल्या आठवड्यात काय शिकलो सांगू? खुर्ची ओढून बसायचं. उभ्याने प्रार्थना करून निघून जाणाऱ्या पाळकाला रुग्ण काही सांगत नाही.

आठवी पायरी: उमेदवारीचा काळ

दीक्षेआधी किंवा लगेच नंतर कोणाच्या तरी हाताखाली काम करावं लागतं. इथे चुका होतात आणि व्हाव्यात. काही चुका मात्र परवडत नाहीत.

पैसा: दान मोजताना नेहमी दोन माणसं हवीत, त्यांपैकी एक तुम्ही नसलात तर उत्तम. मंडळीचा पैसा स्वतःच्या खात्यात एका रात्रीपुरताही घेऊ नका. मुलं: लहान मुलासोबत बंद खोलीत एकटे राहू नका, मंडळीचं बालसंरक्षणाचं धोरण वाचून सही करा, नसेल तर ते करायला लावा. समुपदेशन: दार काचेचं किंवा अर्धं उघडं, बाहेर कोणीतरी. गुपित: पत्नीलाही नाही, पतीलाही नाही, आणि "प्रार्थनेसाठी" म्हणून वडीलजनांच्या बैठकीत तर मुळीच नाही. मात्र मुलाला धोका असेल किंवा कोणी जिवाचं बरंवाईट करणार असेल, तर पापकबुलीच्या संस्काराबाहेर ऐकलेलं तिथे गुपित राहत नाही. हे बोलणं सुरू होण्याआधीच सांगून ठेवा.

पहिला उपदेश पूर्ण लिहा, मोठ्याने वाचा, पंधरा मिनिटांत बसवा. एकच मुद्दा. माझ्या पहिल्या उपदेशात सात होते, आणि माझी आईसुद्धा नंतर म्हणाली, "आवाज छान येत होता."

पहिला अंत्यविधी अचानक येतो. घरी जा, बसा, मयताचं नाव नीट विचारून घ्या, घरात त्यांना काय म्हणत तेही. कारण समजावू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तोपर्यंत त्यांचं ठीक चाललं होतं.

नववी पायरी: दीक्षा आणि पहिलं वर्ष

अंत्युखियाच्या मंडळीने उपास आणि प्रार्थना करून बर्णबा आणि शौल यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना पाठवलं. दीक्षाविधीचा गाभा आजही तोच. त्या दिवशी डोक्यावर खरंच वजन जाणवतं, इतके हात असतात. पाहुण्यांची यादी आणि फोटो दुसऱ्या कोणावर तरी सोपवा.

मग नेमणूक. पहिलं वर्षभर काही बदलू नका: उपासनेची वेळ नाही, गीतं नाहीत, बाकांची मांडणी तर नाहीच. नावं शिका. रिचर्ड बॅक्स्टर सतराव्या शतकात किडरमिन्स्टरला पाळक होता. आठशेहून जास्त कुटुंबं होती. आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबांशी एकेक करून बोलत वर्षभरात सगळी पुरी करायची, असा त्याचा बेत होता. तुमच्याकडे ऐंशी असतील. आठवड्याला दोन कुटुंबं घेतलीत तरी दहा महिन्यांत होतात. भेटीत त्यांना त्यांचा प्रवास विचारा. मग तुमच्या लक्षात येईल की प्रत्येकाकडे अशी एक न लिहिलेली वही आहे, आणि तिच्यातही काही वर्षं गाळलेली आहेत.

आणि आठवड्यातला एक दिवस सुट्टी घ्या. पहिल्याच आठवड्यापासून, कारण नंतर ती कोणी देत नाही. एलीया जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं आणि पुन्हा भाकर दिली. कामाचं बोलणं त्यानंतर. त्या दिवशी फोन वडीलजनांपैकी कोणाकडे तरी द्या, आणि तो कशासाठी परत आणायचा हे आधी ठरवून घ्या. आमच्याकडे ठरलंय: मरण, अपघात, पोलिस. छताची गळती मंगळवारी.